ग्लोरिमारच्या लग्नातलं दुसरं डुक्कर

माझा भाऊ क्रिसांतो गेली पंचेचाळीस वर्षं डुकरं भाजतोय. सान हुआन शहरातून डोंगरात चढणाऱ्या रस्त्यावर आमची टपरी आहे. शनिवार-रविवारी तिथे उभं राहायला जागा नसते. तो भाजतो, मी तोडते आणि बोलते. बोलायचं खातं माझ्याकडेच आहे, कारण दादा दिवसाला वीसेक शब्द बोलतो आणि त्यातले दहा निखाऱ्यांशी. म्हणून ग्लोरिमारच्या लग्नात जे घडलं तेही मीच सांगणार. शांतपणे सांगणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. वर्ष होऊन गेलं, तरी आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

ग्लोरिमार आमच्या शेजारच्या बासिलिओआजोबांची नात. शिकली, दातांची डॉक्टर झाली, सान हुआनला राहायला गेली. पण रविवारी टपरीवर आली की अजून सरळ आत येऊन भांड्यातली भाजलेली कुरकुरीत कातडी पळवते. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यामुलाला घेऊन आली. गादिएल नाव त्याचं.

"मावशी, मला निवांत लग्न हवंय," ती म्हणाली. "खुर्च्यांना फिती नकोत, ताटाभोवती सात काटे-चमचे नकोत. झाडाखाली क्रिसांतोकाका डुक्कर भाजतील. ज्याला भूक लागेल त्याने उठावं, ताट घ्यावं, बोटांनी खावं."

"आणि कपड्यांवर चरबी सांडली तर?"

"तर धुवायचे कपडे," गादिएल म्हणाला. मुलगा मला तिथेच आवडला.

माणसं होणार होती दीडशेच्या वर. एका डुकराने भागणार नव्हतं. दुसऱ्याची चर्चा सुरू व्हायच्या आत आजोबांनी काठी आपटली. "दुसरं माझं. वाढवतोच आहे मी."

आजोबांचं वय सत्त्याऐंशी. दादाला भाजायला त्यांनीच शिकवलं, दादा सोळा वर्षांचा असताना. मीठ हाडापर्यंत कसं पोचवायचं, निखारे मध्ये कमी आणि खांद्या-मांड्यांखाली जास्त कसे सरकवायचे, कातडी फुगायला लागली की डुक्कर ज्यावर फिरवतात त्या दांड्याचा वेग कसा बदलायचा, सगळं त्यांचं. तर या म्हाताऱ्याने नऊ महिने नातीच्या लग्नासाठी एक डुक्कर पोसलं. नीरफणस, पिकलेली केळी, घरातलं उरलंसुरलं. रोज सकाळी काठी टेकत बादली घेऊन जायचे. शेजाऱ्याच्या डुकरांत मिसळू नये म्हणून त्याच्या डाव्या कानाला त्रिकोणी खाच पाडली होती. नाव मात्र ठेवलं नाही. म्हणायचे, "नाव ठेवलं तर घास उतरायचा नाही."

लग्नाची जागा गादिएलच्या आईने ठरवली. त्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शहरातल्या पाहुण्यांना छप्पर लागतं, बरा संडास लागतो. आमच्या डोंगरावरच कॉफीचा एक जुना मळा आहे. तो कुणा इवेलीसबाईंनी विकत घेतला, भिंतींना चुना लावला, आणि आता लग्नांना, समारंभांना भाड्याने देतात. आमच्या आज्या तिथे कॉफी वेचायच्या. आता तिथे लोक फोटो काढायला येतात.

या इवेलीसबाई अंगात पांढरा लिननचा झगा घालून फिरतात आणि इतक्या हळू बोलतात की समोरच्याला वाटावं आपणच ओरडतोय. त्यांनी ग्लोरिमारला 'निवांत लग्न' नावाचा एक प्रकार विकला. बाकीचं खाणं, म्हणजे ओल्या तुरीचा भात, उकडलेली कच्ची केळी, कोशिंबिरी, हे त्यांच्या स्वयंपाकघराचं. डुकरं आमची. हे सगळं कागदावर होतं.

आम्ही पहाटे पोचलो. दादाने आदल्या दिवशीच दोन्ही डुकरांना लसूण, ओरेगॅनो, मिरी आणि मीठ चोळून मुरवत ठेवलं होतं. आंब्याखाली खड्डा खणायला घेतला, तोच बाई आल्या.

"इथे नको. धूर होईल. भिंतीमागे करा."

"नवरीने झाडाखाली सांगितलंय," मी म्हटलं.

"झाडाखाली आपण नंतर मांडू ना. छान दिसेल. निवांत घ्या."

'निवांत घ्या.' त्या दिवसात हे दोन शब्द मी किती वेळा ऐकले! दादाने फावडं उचललं आणि भिंतीमागे गेला. मी एकटीच धुसफुसत राहिले. दहा वाजता बाई परत आल्या, या वेळी हातात गवती टोपी. फोटोसाठी. दादाच्या डोक्यावर त्याची नेहमीची बेसबॉलची टोपी होती, घामाने पांढरी पडलेली.

"ती काढा आणि ही घाला," बाई म्हणाल्या. "म्हणजे खरेखुरे डोंगरातले दिसाल."

"तो डोंगरातलाच आहे," मी म्हटलं. "इथून दोन वळणांवर जन्मलाय."

दादाने गवती टोपी घातली, फोटो काढू दिला, टोपी परत दिली आणि शेंद्रीच्या लाल तेलात कुंचला बुडवून पुन्हा कातडीवर फिरवायला लागला. नऊ तास तो त्या दोन दांड्यांमध्ये उभा होता. दुपारी दोन्ही डुकरं अशी तयार झाली की नखाने टिचकी मारली तर काचेसारखा आवाज यावा. आजोबांचं तर जास्तच सुरेख. अंगावर एक काळा डाग नाही.

जेवण तीनला. पहिलं डुक्कर आंब्याखाली फळीवर मांडलं. लग्न म्हणून तोडायला दादाच कोयता घेऊन उभा राहिला, मी ताटं भरायला. तेवढ्यात बाई दोन माणसं घेऊन आल्या.

"दुसरं आम्ही आत नेतो. वयस्कर मंडळींना रांगेत कशाला उभं करायचं? आमची मुलं त्यांना टेबलावरच वाढतील."

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, बाईंना काहीतरी सुचलं. दादा फक्त एवढंच म्हणाला, "कातडी वेगळी वाढा. रश्शाशेजारी ठेवली की मऊ पडते."

"अर्थात," बाई म्हणाल्या.

अर्धा तास आम्ही मान वर केली नाही. रांग हसत होती, पोरं बोटं चाटत होती, गादिएलचा एक काका चौथ्यांदा आला आणि प्रत्येक वेळी "हे बायकोसाठी" म्हणाला. वादकांनी ताल धरला होता. दादा मध्येच चक्क गुणगुणला. मग मी म्हटलं, जरा म्हातारी मंडळी काय म्हणतात बघून येते. दादाही हात पुसून माझ्यामागे आला. आपल्या गुरूला कसं लागलं ते ऐकायचं होतं त्याला, दुसरं काय?

आजोबा टेबलाच्या टोकाला बसले होते. ताट जवळजवळ तसंच. त्यांनी घास बराच वेळ तोंडात घोळवला, गिळला, पाणी प्यायले. दादाकडे बघितलं आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "क्रिसांतो, तुझा हात बिघडला रे."

शेजारची त्यांची मेहुणी ताटाकडे बघत म्हणाली, "असू दे हो, वय झालं त्याचंही."

मी दादाचं तोंड बघितलं. आई गेली तेव्हा तो रडला नव्हता. वादळाने टपरीचं छप्पर नेलं तेव्हा दुसऱ्या दिवशी पत्रे आणायला गेला. पण आत्ता तो स्वतःच्या हातांकडे बघत होता, जणू ते कुणा दुसऱ्याचे आहेत. आणि त्याने काय म्हणावं? "असेल आजोबा. मीठ कमी पडलं असेल."

म्हणजे त्याने मान्य केलं! चव न घेता!

मी आजोबांच्या ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला. पांढरा, ओला, सुतासारखा सुटणारा, वर गोडसर तपकिरी सॉस. धुराचा वास नाही, लसूण नाही, ओरेगॅनोचं नावच नाही. कातडीचा तर ताटात पत्ताच नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "या डुकराने आग बघितलेली नाही. हे ओव्हनमधल्या ट्रेतलं आहे. हे आपलं नाहीच!"

त्याने तुकडा चाखला. सावकाश. मग म्हणाला, "मग आपलं कुठंय?"

मी तडक स्वयंपाकघरात गेले. तिथे पाच मोठे ट्रे, वरून कागद लावलेले, कुठल्या तरी कारखान्यातून आलेले. भांडी घासत होती प्राक्सेदिस. आमच्याच वस्तीतली, माझ्या वर्गात होती.

"प्राक्से, आमचं दुसरं डुक्कर कुठे आहे?"

"नेरेइदा, माझी नोकरी आहे ग इथे," ती पुटपुटली. मान खाली. पण ओठ मात्र पुढे काढून तिने दाराबाहेर, उताराकडे दाखवलं. ओठांनी काय दाखवलं याची साक्ष कुठल्याही कागदावर लिहिता येत नाही.

उताराच्या पायथ्याशी मळ्याचं जुनं कोठार आहे. कॉफी वाळवायचे तिथे. आता त्याचा हॉल केलाय. बाहेर गाड्यांची रांग. आत औषधांच्या कुठल्या तरी कंपनीचे चाळीसेक लोक, टाय लावलेले, गळ्यात नावाच्या पट्ट्या. आणि मधोमध, फुलांनी सजवलेल्या फळीवर, तोंडात अननसाचा तुकडा कोंबलेलं आजोबांचं डुक्कर. शेजारी तीच गवती टोपी घातलेला कुणी एक तरुण वाढपी कोयत्याने आडवेतिडवे घाव घालत होता, जसा काही सरपण फोडतोय. मागे पाटी: 'आमच्या मळ्याच्या भट्टीतून, आमच्या हातचं.'

आमच्या हातचं!

"थांब!" मी ओरडले. इतक्या मोठ्याने, की त्या पोराने कोयता खालीच ठेवला.

इवेलीसबाई कोपऱ्यातून आल्या. चालसुद्धा हळू. "काय झालं? इथे खाजगी कार्यक्रम चालू आहे."

"हे डुक्कर वरच्या लग्नातलं आहे. म्हाताऱ्यांच्या ताटात तुम्ही ट्रेमधलं उकडलेलं वाढलंत आणि हे इथे आणलंत."

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. डुकरं सगळी सारखीच दिसतात."

"सारखीच दिसतात?"

"नेरे, सरक जरा." दादा माझ्यामागून उतार उतरून आला होता. हॉलमध्ये शिरताना त्याने आपली टोपी काढली, कारण लोक जेवत होते. तो फळीपाशी गेला, एका फुलांच्या गुच्छाने झाकलेला डावा कान दोन बोटांनी उचलला आणि सगळ्यांना दाखवला. त्रिकोणी खाच. आगीत जराशी आकसलेली, पण स्पष्ट.

"ही खाच वर बसलेल्या एका म्हाताऱ्याने पाडलीय," तो म्हणाला. "नातीच्या लग्नासाठी त्याने हे नऊ महिने वाढवलं. मी आज पहाटेपासून भाजलं. तुमचा काही दोष नाही. तुमच्या ताटात जे आहे ते खा, सुखाने खा. पण फळीवर जे आहे ते त्या पोरीचं आहे. मी ते वर घेऊन जातोय."

एका दमात इतकं बोललेला दादा मी आयुष्यात ऐकला नव्हता.

कंपनीचा साहेब उठला. ओठ तेलाने चकाकत होते. "एक मिनिट. आम्ही याचे पैसे भरलेत."

"मग ते त्यांच्याकडून परत मागा," मी बाईंकडे बोट केलं.

"निवांत घ्या सगळ्यांनी," बाई म्हणाल्या. "वरच्यांना जेवायला मिळालंय. भरपूर मिळालंय. म्हाताऱ्या माणसांना काय कळतं, मऊ असलं की झालं. आणि तुमच्यासारख्यांना मी इथे काम दिलं, त्याचं हे..."

"आमच्यासारख्यांना म्हणजे कुणाला?" मी विचारलं. "सांगा ना. मोठ्याने सांगा. दिवसभर हळूच बोलताय, आता एकदा सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

बाईंनी झग्याची बाही सारखी केली.

मग एका टेबलावरून एक बाई उठली. पन्नाशीची, जाड चष्म्याची. तिने आपलं भरलेलं ताट आणून फळीवर ठेवलं. "मी अजून हात लावलेला नाही," म्हणाली. तिच्यामागून अजून दोघं-तिघं. साहेब मात्र खाली बसला आणि खात राहिला, तेही सांगायला हवं. चार जणांनी टाय खांद्यावर टाकले आणि फळीला हात दिला.

अशी ती वरात उतार चढली. पुढे दादा, मग अर्धं उरलेलं डुक्कर, मागे मी. वरच्या लोकांनी आम्हाला बघितलं तेव्हा वाद्यं थांबली. ग्लोरिमार धावत आली, झगा दोन्ही हातांत गोळा केलेला. वाटेत मी ठरवलं होतं, पोरीच्या लग्नाच्या दिवशी बोलायचं नाही, उद्या सांगू. पण तिने फळीकडे बघितलं, कानाकडे बघितलं, आजोबांच्या ताटाकडे बघितलं. दातांची डॉक्टर आहे ती. बारीक बघायची सवय आहे.

"आजोबांचं आहे हे?" तिने विचारलं.

"हो."

"आणि त्यांच्या ताटात काय होतं?"

मी सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. बाई आमच्यामागून आल्याच होत्या, त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या आजोबांना तुम्ही ट्रेमधलं खायला घातलंत, आणि वर क्रिसांतोकाकांना त्यांच्याकडून बोल ऐकायला लावलेत. मी तुमच्याकडे फक्त निवांतपणा मागितला होता. तुम्हाला वाटलं, निवांत म्हणजे आम्ही काही बघणार नाही."

"आपण नंतर बसून..."

"नंतर नाही. आत्ता. ते ट्रे तुमच्या टेबलांवरून उचला. आणि जी माणसं सकाळपासून वाढतायत, त्यांना सोडा, त्यांनी जेवायचंय. प्राक्सेदिसमावशी! ॲप्रन काढ आणि ये इकडे."

प्राक्सेदिस दारातच घुटमळली. बाईंकडे बघितलं, ग्लोरिमारकडे बघितलं. ॲप्रन काढला नाही. पण हात पुसले आणि येऊन बसली.

दादाने आजोबांसाठी बरगडीचा तुकडा तोडला. कातडी बरीचशी खाली संपली होती. त्या वाढप्याने तोडलेलीसुद्धा धड नव्हती. मानेजवळ हाताएवढी राहिली होती, तीच त्याने ताटाच्या कडेला वेगळी ठेवली. आजोबांनी आधी मांस खाल्लं. मग कातडी. दात थोडेच आहेत, पण आवाज सगळ्या टेबलाला आला. बराच वेळ चावत होते.

दादा उभाच.

"मीठ बरोबर आहे," आजोबा शेवटी म्हणाले. मग मेहुणीकडे वळून, "आणि तू ग, वयाचं काय म्हणत होतीस मगाशी?"

त्यावर लोक हसले, वाद्यं पुन्हा सुरू झाली, आणि दिवस एका अर्थी सावरला. पण एका अर्थीच. अर्धं डुक्कर परक्यांच्या पोटात गेलं ते गेलंच. आणि बाईंनीही शेवटी सूड उगवला. कागदावर पाच वाजता जागा रिकामी करायची असं लिहिलं होतं, म्हणून पाचच्या ठोक्याला त्यांची माणसं लोकांच्या खालून खुर्च्या काढून घडी घालायला लागली. आजोबा उठले नाहीत. दोन माणसं त्यांच्यापाशी आली, उभी राहिली आणि परत गेली. शेवटी गादिएलने त्यांना खुर्चीसकट उचललं आणि फाटकापर्यंत नेऊन ठेवलं. ती खुर्ची मी परत दिलेली नाही.

प्राक्सेदिसची नोकरी आठवड्यात गेली. आता ती आमच्याकडे केळी सोलते आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते.

मला राग कशाचा येतो, सांगू? चोरीचा येतोच. पण आमच्या वस्तीत अजून लोकांना आजोबांचं ते पहिलं वाक्यच आठवतं. मागच्या महिन्यात खालच्या पुलाजवळची एक बाई टपरीवर आली आणि म्हणाली, "अर्धा किलो द्या, पण बघून द्या हं, मध्ये त्या लग्नात म्हणे क्रिसांतोचा हात बिघडला होता." मी कोयता बाजूला ठेवला आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मागे अकरा माणसं रांगेत उभी होती. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलंच पाहिजे.

दादा यातलं काही बोलत नाही. त्याने फक्त एक केलं. बाहेरची कामं घेतो, पण आधीच सांगतो, डुक्कर मीच तोडणार, शेवटच्या ताटापर्यंत. मान्य नसेल तर दुसरीकडे बघा. तीन लग्नं त्यामुळे हातची गेली. गेली तर गेली.

आणि मग परवा चक्क इवेलीसबाईंचा फोन आला. त्यांच्या जाहिरातीत दादाचा तो गवती टोपीतला फोटो अजून आहे. काढा म्हणून मी चारदा सांगून झालं. आता त्यांच्याकडे येणारी प्रत्येक नवरी म्हणते, हेच काका हवेत. फोन मी उचलला. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने हात पुढे केला. त्याच्याकडे फोन कधी नसतो. मी दिला.

तो बराच वेळ ऐकत होता. पलीकडून तो हळू आवाज येत होता. झालं गेलं, पुन्हा सुरुवात, निवांतपणे. मग दादाने एकच विचारलं, "बाई, त्या दिवशी तुम्ही खाल्लं होतं का त्यातलं? खालचं नाही तर वरचं? एक तुकडा तरी?"

"छे हो," पलीकडून आलं. मलासुद्धा ऐकू आलं. "मी डुक्कर खातच नाही."

दादाने फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मग माझ्या साठी ओलांडलेल्या सभ्य भावाने त्या फोनमध्ये अशी एक शिवी हासडली, की प्राक्सेदिसच्या हातातलं केळं खाली पडलं. फोन त्याने मला परत दिला, हात धुतले आणि शनिवारच्या डुकराला मीठ चोळायला बसला.